‘वॉन’ : एका शब्दाचा काळोखाकडून फिकटपणाकडे प्रवास

फिकटपणा सांगणारे शब्द इंग्रजीत थोडे नाहीत. पेल, पॅलिड, पॅलर ही मंडळी लॅटिनच्या घराण्यातील. पिकलेल्या केसांना लावला जाणारा आपला संस्कृत ‘पलित’ शब्द त्यांचा दूरचा भाऊबंद. त्यांच्या शेजारी ‘वॉन’ हा लहानसा, अस्सल इंग्रजी शब्द उभा आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाचा चेहरा, ओढूनताणून आणलेले हसू, हिवाळ्यातले दुबळे ऊन यांना आजचा इंग्रज हे विशेषण लावतो. शब्दकोशात पाहावे तर ‘फिकट, निस्तेज’ असा अर्थ सापडतो. व्यवहाराला तेवढे पुरे आहे. इतिहासाच्या वाचकाला मात्र पुरत नाही. कारण हजार वर्षांपूर्वी या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा, म्हणजे ‘काळोखा’ असा होता.

याची साक्ष ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात मिळते. 3182 ओळींच्या या काव्याचे एकच हस्तलिखित, इ. स. 1000 च्या सुमाराचे, आज शिल्लक आहे. 1731 सालच्या आगीत त्याच्या कडा होरपळल्या, पण ते वाचले. ग्रेंडेल नावाचा राक्षस ज्या रात्री चालून येतो ती रात्र, त्याच्या आईच्या डोहातून ढगांपर्यंत उसळणारे पाणी, रणात पडलेल्यांवर टपलेला डोमकावळा, या सर्वांना कवी हेच विशेषण लावतो. तेथे आजचा अर्थ बसवला तर रात्र फिकट होईल आणि डोमकावळा पांढुरका! स्कॉटलंडच्या जुन्या कथागीतांतही नदीच्या पाण्याला हा शब्द लागतो, तो गढूळ काळोखेपणाच दाखवण्यासाठी.

मग काळ्याचे फिकट झाले कसे? प्राचीन इंग्रजी माणसाची नजर वस्तूच्या रंगाइतकीच, किंबहुना अधिक, तिच्या चकाकीवर असे. ‘वॉन’ म्हणजे ज्यात तेज नाही ते. ही तेजहीनता रात्रीत आणि पाण्यात काळी दिसते. पुढे मुका मार लागलेल्या, रोगाने ग्रासलेल्या वा मृत देहाच्या काळ्यानिळ्या वर्णाकडे हा शब्द वळला, आणि तेथून रक्त उतरलेल्या चेहऱ्याकडे यायला फारसे अंतर नव्हते. इ. स. 1300 च्या सुमारास ‘फिकट’ हा अर्थ रूढ झालेला दिसतो. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही दुखणाइताचा चेहरा कधी काळवंडतो, कधी पांढराफटक पडतो. बोलणाऱ्याला सांगायचे असते ते इतकेच, की तोंडावरचे तेज गेले.

1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतरच्या शतकांत फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत शिरला. त्यात ‘पेल’ आला. त्याने फिकटपणाचा सामान्य प्रांत व्यापला. ‘वॉन’कडे दुखणे, थकवा आणि दुःख यांची छाया तेवढी उरली. आजही कागद किंवा भिंत ‘पेल’ असू शकते, पण ‘वॉन’ म्हणायचे तर मागे काही व्यथा लागते. जुना काळोख शब्दातून पुरता गेलेला नाही, तो असा.

हा सारा प्रवास आज सांगता येतो याचे श्रेय ऐतिहासिक कोशरचनेला आहे. लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळाने 1857 साली नव्या कोशाचा विचार मांडला. त्यातून निघालेल्या ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग 1884 साली व अखेरचा 1928 साली प्रसिद्ध झाला. शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या काळात कोणी वापरला, हे उताऱ्यांनिशी दाखवावयाचे, ही त्याची प्रतिज्ञा होती. अशी साक्ष नसती, तर जुन्या ग्रंथात आजचे अर्थ घुसडून आपण त्यालाच इतिहास म्हणत बसलो असतो. मराठीतील बखरी आणि जुनी पत्रे वाचतानाही आपल्याला हाच धोका असतो. ओळखीचा शब्द भेटला की वाचक निश्चिंत होतो. पण जुन्या कागदावर फसगत होते ती बहुधा अनोळखी शब्दाने नव्हे, तर ओळखीच्याच शब्दाने.