बर्फावरील ‘प्रोफेसर’ : ईगोर लारिओनोव्ह

बर्फावरची हॉकी आपल्यापैकीं थोड्यांनींच पाहिली असेल. तरी ईगोर लारिओनोव्ह या रशियन आघाडीवीराची हकीकत केवळ खेळाची नाहीं. मॉस्कोजवळच्या वोस्क्रेसेन्स्क गांवीं १९६० सालीं तो जन्मला व १९८१ सालीं सैन्याच्या मॉस्कोतील संघांत दाखल झाला. तेथें क्रुतोव्ह व मकारोव्ह यांच्या मधोमध तो खेळे. चष्मा आणि बुद्धिबळाचा नाद, म्हणून लोक त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. १९८४ व १९८८ चीं ऑलिंपिक सुवर्णपदकें सोव्हिएत संघानें मिळविलीं, त्यांत या त्रयीचा वांटा मोठा.

परंतु हे खेळाडू म्हणजे गणवेशांतील नोकर! वर्षाचा बहुतेक काळ तळावर, बायकामुलांपासून दूर, प्रशिक्षक तिखोनोव्ह यांच्या पहाऱ्यांत जाई. १९८८ सालीं लारिओनोव्हनें ‘ओगोन्योक’ साप्ताहिकांत तिखोनोव्हना उद्देशून अनावृत पत्र छापलें. जन्मभर शाळेंत शिस्त राखलेल्या मजसारख्यासही त्यांतील गाऱ्हाणें रास्तच वाटतें.

१९८९ सालीं त्याला कॅनडांत व्हँकूव्हरकडे जाऊं दिलें. मात्र त्याबद्दल मायदेशच्या क्रीडासंस्थेला रक्कम पोंचवावी लागे. तें त्याला खपेना. १९९२ मध्यें तो स्वित्झर्लंडांत लुगानोकडे निघून गेला! एका हंगामानें अमेरिकेंत परतला व डेट्रॉइटकडून १९९७, १९९८ आणि २००२ सालीं स्टॅन्ले चषकाचा मानकरी झाला. २००२ च्या अंतिम मालिकेंतील तिसरा सामना तिसऱ्या जादा डावापर्यंत लांबला. निर्णायक गोल केला तो लारिओनोव्हनें, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं.