भुयारातली रिकामी खुर्ची

भुयारात उतरायचे, राक्षस मारायचे, खजिना घेऊन परतायचे. पटावरच्या या खेळांचे कथानक पन्नास वर्षांत फारसे बदललेले नाही. बदलत गेले ते नायकांच्या समोर कोण बसणार, हे. आणि हा डाव मिळून कसा रंगवावा याचे उत्तरही त्या बदलांतच आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या टीएसआर कंपनीने डेव्ह मेगारी यांचा ‘डन्जन!’ बाजारात आणला. मेगारी हे डेव्ह आर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या भूमिका वठवण्याच्या खेळात भाग घेणारे, पण तिथे डाव चालवायला सूत्रधार लागे. मेगारींनी त्याचे काम पट, पत्ते आणि फाशांवर सोपवले. मात्र सूत्रधाराबरोबर सोबतही गेली आणि जो तो आपापला खजिना घेऊन आधी बाहेर पडण्यासाठी धावू लागला. १९८९ च्या ‘हीरोक्वेस्ट’मध्ये स्टीफन बेकर यांनी उलटी वाट धरली. योद्धा, बुटका, एल्फ आणि जादूगार एका बाजूला, तर दुष्ट मांत्रिकाच्या वतीने खेळणारा भिडू दुसऱ्या बाजूला. चौघांची एकी झाली खरी, पण पाचव्याला वेगळे बसवून.

ती खुर्चीही रिकामी करता येते, हे १९९५ च्या ‘वॉरहॅमर क्वेस्ट’ने दाखवले. कोणते राक्षस आणि किती, हे पत्ते आणि तक्ते ठरवू लागले. जादूगाराच्या फाशावर एक पडला की अवचित संकट येई. आता सारे एकाच बाजूचे झाले. पण समोर माणूस नाही आणि सगळी माहिती उघडी, अशा खेळात सर्वांत जाणता भिडू हळूहळू बाकीच्यांच्या खेळीही ठरवू लागतो. मांत्रिकाच्या जागी आपल्याच पक्षातला हुकूमशहा येतो, आणि उरलेले केवळ सोंगट्या हलवतात.

२०१७ च्या ‘ग्लूमहेवन’मध्ये आयझॅक चिल्ड्रेस यांनी याच दुखण्यावर नियमांतून उपाय काढला. प्रत्येकाने फेरीसाठी दोन पत्ते गुपचूप निवडायचे. ‘मी लवकर हलेन’ एवढे सांगता येते, पाळी ठरवणारा पत्त्यावरचा नेमका आकडा नाही. प्रत्येकाचे एक गुप्त उद्दिष्ट असते, आणि नाणी किंवा वस्तू एकमेकांना देता येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, लपवाछपवी आली की सहकार्य कसले? पण लपतो तो आकडा. हेतू मोकळेपणाने सांगता येतो, आणि तेवढ्यावर दुसऱ्याचा अंदाज बांधणे यातच खरी सोबत आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पत्त्यांवर चालणारा राक्षस कधीकधी मूर्खासारखा वागतो, हाडामांसाचा प्रतिस्पर्धी डाव ओळखून डाव टाकतो. हे नुकसान मान्यच करावे लागेल. मात्र त्याबदल्यात दाराआड काय आहे याची उत्सुकता टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला मिळते. मांत्रिकाच्या खुर्चीतल्या भिडूला ती कधीच मिळत नव्हती. म्हणून कोणताही असा खेळ मांडताना युक्ती एकच: मोहिमेची दिशा सर्वांनी मिळून ठरवावी, पण खेळी ज्याची त्यानेच करावी, मग त्यापायी एखादा डाव हरला तरी चालेल. जिंकण्यासाठी एकाचेच डोके पुरत असेल, तर इतरांना जमवण्याचे कारणच उरत नाही.