बंद खोलीचं भाडं

घरमालक म्हटलं की लोकांना सिनेमातला, भाड्यासाठी दार बडवणारा शेठजी आठवतो. आमची आजी घरमालकीण होती. आजोबा अकाली गेले. मागे राहिला नारायण पेठेतला जुना वाडा आणि त्यातली तीन बिऱ्हाडं. मुलांच्या फिया आणि वाण्याची उधारी त्या भाड्यातूनच भागायची.

भाडं गोठलेलं. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा पुढच्या फेब्रुवारीत लागू झाला आणि त्यानं भाडं १ सप्टेंबर १९४०च्या दराला बांधून टाकलं. युद्धानं शहरं फुगली होती, मालक वाटेल तो आकडा सांगत होते. कायदा हवाच होता, हे आजीही मान्य करी. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं टिकला. शंभर खोल्यांच्या चाळीचा धनी आणि तीन बिऱ्हाडांची विधवा, दोघांना त्यानं एकाच मापानं मोजलं. १९६१च्या पानशेतच्या पुरात वाड्याची मागची भिंत बसली. ती उभी करायला आजीच्या पाटल्या गेल्या. माडीवरच्या खोलीचं भाडं मात्र नऊ रुपयेच.

त्या माडीवरच्या गृहस्थांची गोष्ट आजी तिखटमीठ न लावता सांगे. तिला त्याची गरजच नव्हती. त्यांनी कोथरूडला घर बांधलं. वास्तुशांतीला आजी गेली, जेवली आणि निघताना विचारलं, “मग खोली कधी मोकळी करताय?” ते म्हणाले, “काकू, थोडं सामान आहे अजून.” सामान म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला ताबा मागता येत असे. गृहस्थांना हे आजीच्या आधी ठाऊक होतं. म्हणून ते दर रविवारी येत, स्टोव्ह पेटवत आणि कठड्यावरून ओरडत, “काकू, चहा घेणार?” सगळ्या वाड्याला ऐकू जावं, साक्षीदार तयार व्हावेत, यासाठी तो चहा! आजीच्या वकिलांनी विजेची बिलं मागवताच खोलीत दिवसरात्र बल्ब जळू लागला. नऊ रुपयांच्या खोलीसाठी ते विजेला त्याहून जास्त मोजत. का? तर उद्या वाडा पडेल, बिल्डर येईल आणि भाडेकरूलाही फ्लॅट मिळेल.

खालच्या बिऱ्हाडातले शिक्षक मात्र आपणहून पाच रुपये जास्त देत. ठरल्या भाड्यापेक्षा जास्त घेणं बेकायदा, म्हणून पावती जुन्याच आकड्याची. प्रामाणिक माणसाचे पैसे चोरून घ्यावे लागत आणि लबाडाला कायद्याचं कवच!

आजीनं लावलेल्या ताब्याच्या दाव्यात तारखा पडत राहिल्या. खालच्या कोर्टात आजी जिंकली, गृहस्थ अपिलात गेले. आजी वारली आणि तिच्या जागी वडिलांचं नाव लागलं. शेवटी बिल्डरनंच दोघांशी तडजोड केली. गृहस्थांना फ्लॅट मिळाला.

१९७३मध्ये, १ फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सच्या परवान्यावर राहत असलेल्यांना कायद्यानं भाडेकरू ठरवलं. तेव्हापासून कित्येक मालकांनी खोली दुसऱ्याला देण्यापेक्षा कुलूप पत्करलं. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं. ३१ मार्च २०००पासून नवा कायदा आला आणि जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. नऊ रुपयांवर चार टक्के म्हणजे किती, ते वाचकांनीच काढावं.

आज खोली देणाऱ्यानं ओळखीवर, शब्दावर जाऊ नये. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा. ती जबाबदारी कायद्यानं मालकावरच टाकली आहे. नोंदलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. करार असेल, तर मुदत संपल्यावर दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावं लागतं.