चिन्हाने वाकावे की यंत्राने?

टंकयंत्रापुढे लिपीने वाकावे की लिपीपुढे यंत्राने, हा वाद आपल्याकडे एकेकाळी चांगलाच गाजला. 1953 साली लखनौला लिपिसुधारणा परिषद भरली आणि यंत्राच्या सोयीसाठी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे काढावी असे तिने ठरविले. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही. वेलांटी पुन्हा डावीकडे आली. मग अडचण सोसली कोणी? टंकलेखकांनी. मोजक्या कळांत देवनागरी मावेना, म्हणून ख, ध, भ, श यांचे अर्धे तुकडेच कळांवर बसले. पुढे काना ठोकावा तेव्हा अक्षर पुरे. पगार ठरविताना हे जादा ठोके कोणी मोजल्याचे आम्हांस ठाऊक नाही!

हाच पेच पुढे गणकयंत्राच्या दारी उभा राहिला. केनेथ आयव्हरसन हे मूळचे कॅनडाचे गणिती. हार्वर्डला शिकविताना संख्यांच्या रांगा नि तक्ते एकदम हाताळणारी चिन्हे त्यांनी योजिली. 1962 साली त्यांचे पुस्तक निघाले. त्याच्याच नावावरून या भाषेला ‘एपीएल’ म्हणू लागले. अख्ख्या हजेरीपटातील मजुरीची बेरीज म्हणजे अधिकचिन्ह आणि एक तिरपी रेघ, बस्स! पण तीत ग्रीक अक्षरे, बाण, त्रिकोणही होते. खडूने ते सहज निघतात. कळांवर कोठून आणावयाचे?

आयबीएमचे 1961 चे ‘सिलेक्ट्रिक’ टंकयंत्र येथे कामी आले. त्यात अक्षरांचे दांडे नव्हते. एकच गोळा, त्यावर 88 चिन्हे. गोळा बदलला की चिन्हे बदलली. हुपरीकरांना हे समजावून सांगावयास नको; ठसा बदलला की चांदीवरची नक्षी बदलते. 1966 साली ही भाषा आयबीएमच्या 360 यंत्रावर चालू लागली ती अशा गोळ्यासह. तरीही 88 पुरेनात. मग एक चिन्ह छापावे, एक घर मागे यावे, त्याच जागी दुसरे ठोकावे. त्रिकोणावर उभी रेघ मारली की चढता क्रम लावण्याचे चिन्ह तयार. आपल्या ‘भ’ची आठवण होते की नाही?

कागद जाऊन पडदा आला तेव्हा ही युक्तीही अडली. साध्या पडद्यावर दुसरे चिन्ह पहिल्याला पुसून टाकी. अखेर 1990 साली खुद्द आयव्हरसन यांनीच रॉजर हुई यांच्यासह ‘जे’ ही भाषा काढली, आणि तीत साध्याच कळांना टिंब किंवा अपूर्णविराम जोडून काम भागविले. आम्हांस ही लखनौची वेलांटीच वाटते. मात्र खास यंत्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे दार उघडले, हेही नाकारता येत नाही.

नंतर युनिकोडमध्ये देवनागरीप्रमाणे एपीएलच्या चिन्हांनाही जागा मिळाली. आता एक खुणेची कळ दाबून इंग्रजी ‘आर’ दाबला की ग्रीक ‘ऱ्हो’ उमटतो. आपल्या 1986 च्या इनस्क्रिप्ट कळफलकावर क, हलन्त, ष एवढे दाबावे. जोडणी यंत्र करते. तरी ज्यांची बोटे जुन्या टंकयंत्रावर घडली, ते संगणकावरही तीच कळरचना मागून घेतात, आणि ‘भ’साठी अजून दोनदा ठोकतात.