धाब्याची डागडुजी आणि तिचा खर्च : दोंडाईच्याच्या परिसरांतील घरबांधणीचा एक विचार

वाडे, गढ्या व देवळें बांधण्यास किती द्रव्य लागलें, हें आपल्या इतिहासांत हौसेनें सांगितलें जातें. पुण्याचा शनिवारवाडा १७३० त सुरू होऊन १७३२ त उभा राहिला व त्यास १६,११० रुपये लागले, हा आंकडा शाळेंतील मुलांसही ठाऊक असतो. परंतु त्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर आणि गच्च्यांवर पाणी मुरूं नये म्हणून पुढें वर्षानुवर्षें काय खर्चलें, हें कोणी विचारीत नाहीं. बांधणी एकदांच होते, राखण प्रत्येक वर्षीं होते. बांधणीचा खर्च धनी अभिमानानें लिहून ठेवतो. राखणीचा खर्च किरकोळींत जातो, किंवा घरच्याच माणसांच्या अंगमेहनतीनें भागतो व कोठेंच लिहिला जात नाहीं. असें असतां, लाकडावर बेतलेल्या घराचें आयुष्य ठरतें तें या दुसऱ्या खर्चावरच. प्रस्तुत लेखांत आम्ही दोंडाईचें व त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवून या एका बाबीचाच विचार करणार आहों.

दोंडाईचें हें धुळें जिल्ह्याच्या शिंदखेडें तालुक्यांतील गांव. तापी त्याच्या उत्तरेस वाहते व तिच्या पलीकडे सातपुडा आहे. रावल घराण्यामुळें या गांवाचें नांव खानदेशच्या इतिहासांत आहे, आणि मिरचीच्या पेठेमुळें तें आजही दूरवर ऐकूं येतें. आमच्या विषयास येथील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी कीं, येथें पाऊस बेताचा पडतो. सरासरीनें वर्षास वीस ते पंचवीस इंचांच्या आंतबाहेर. दुसरी अशी कीं, वैशाखांत येथील ऊन इतकें कडक असतें कीं, पारा कित्येकदां ११० अंशांच्या वर चढतो. पश्चिमेस नवापुराकडे गेलें कीं पाऊस याच्या जवळजवळ दुप्पट होतो व घरांचीं छपरेंही उतरतीं होतात. जेथें पाऊस थोडा आणि ऊन फार, तेथें सपाट माथ्याचें मातीचें घर. जेथें पाऊस फार, तेथें उतरतें कौलारू घर, हा नियम सर्व महाराष्ट्रास लागू आहे. देशावर कांहीं ठिकाणीं ज्यास माळवद म्हणतात, त्यासच खानदेशांत धाबें म्हणतात.

धाब्याची रचना अशी. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांचा पाट किंवा साध्या घरीं चिरलेल्या लाकडांचीं किलचनें, त्यांवर पाला, काड्या अथवा गवताचा थर, आणि सर्वांवर चांगली वीतभर किंवा त्याहून जाड माती. माती चोपून घट्ट करावयाची, एका बाजूस किंचित् उतार ठेवावयाचा व त्या बाजूस पन्हळ बसवावयाची, म्हणजे पाणी भिंतीवर न येतां दूर पडतें. येथें लाकूड फक्त भार घेतें. पाणी अडविण्याचें काम त्याच्याकडे नाहीं, तें मातीकडे आहे. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण खर्चाचें सर्व गणित यावरून फिरतें.

हा भेद स्पष्ट होण्यासाठीं जहाजाच्या तक्त्याशीं तुलना करूं. समुद्रावरील जहाजांत लाकूडच छप्पर असतें. वर उघड्या फळ्या व त्यांखालीं माणसें आणि माल. पश्चिम किनाऱ्यावरील कारागीर फळीच्या कांठास खांच पाडून एक फळी दुसरींत बसवीत, सांध्यांत राळ व कापूस भरीत आणि लाकडास माशाचें तेल पाजीत. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या हाताखालीं १८१७ त बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ नांवाचें सागवानी जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही राखून ठेवलेलें आहे. यावरून सागवानाचें सामर्थ्य कळतें. परंतु अशा तक्त्याचा खर्च राळ, तेल व कुशल हात यांवर होतो, आणि तो कधींच संपत नाहीं. कारण लाकूड पाण्यानें फुगतें व उन्हानें आकसतें, आणि प्रत्येक फुगण्या-आकसण्याबरोबर सांधे हलतात. समुद्रावर हवा दमट असते व तक्ता वरचेवर धुतला जातो, म्हणून तेथें हा उपाय चालतो. दोंडाईच्याच्या वैशाखांत उघड्या फळ्यांचे सांधे एका उन्हाळ्यांतच उघडले असते. आमच्या पूर्वजांनीं यावर जो तोडगा काढला तो असा कीं, लाकूड ऊन आणि पाणी या दोहोंपासूनही झांकून टाकावें. त्यामुळें महाग वस्तूंचा व कसबी माणसांचा खर्च टळला, आणि त्याच्या जागीं माती, वाहतूक व मजुरी यांचा खर्च आला.

हा दुसरा खर्च खरोखर स्वस्त होता काय? आपण हिशेब करून पाहूं. पंधरा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली घ्यावी व तिच्यावर एक फूट जाडीची माती धरावी. दीडशें घनफूट माती झाली. चोपलेल्या कोरड्या मातीचा घनफूट सुमारें शंभर पौंड भरतो. म्हणजे पंधरा हजार पौंड, अथवा बंगाली मणाच्या हिशेबानें सुमारें १८२ मण. एका बैलगाडीस बारा मण धरले, तर एका खोलीस पंधरा गाड्या माती झाली. आतां पाण्याकडे पहा. बावीस इंच पाऊस धरला तर त्याच दीडशें चौरस फुटांवर एका पावसाळ्यांत २७५ घनफूट, म्हणजे सुमारें २०८ मण पाणी पडतें. धाब्यावर जितकी माती, तिच्याहून अधिक वजनाचें पाणी दर वर्षीं तिच्यावरून वाहून जावयाचें असतें, आणि तें जातांना थोडीबहुत माती घेऊन जातें. ती माती पुन्हां भरून काढणें हीच डागडुजी होय.

हें काम आखाजीनंतर व मृगापूर्वीं उरकावें लागे. आखाजी हा खानदेशचा मोठा सण. तोंपर्यंत रब्बीचीं कामें आटोपलेलीं असतात आणि पेरणीची घाई लागलेली नसते. या थोड्या मोकळ्या दिवसांत गाडी-बैल जुंपून माती आणावयाची, ढेकळें फोडावयाचीं, खडे वेंचावयाचे, धाब्यावर पसरून चोपावयाची, भेगा बुजवावयाच्या, पन्हळी साफ करावयाच्या. शेतकऱ्याच्या घरीं यास रोख पैसा फारसा लागत नसे. घरचीं माणसें, घरचे बैल व घरची गाडी. म्हणून वहींत हा खर्च दिसत नाहीं. पण ज्याच्या घरीं बैल नव्हते, ज्याचा कर्ता पुरुष गेला होता, किंवा जो धंद्यासाठीं परगांवीं होता, त्याला हाच खर्च रोखीनें करावा लागे. सुतार बलुतेदार खरा, परंतु त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथांत बलुत्याची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यावरून बलुतें हें मुख्यतः शेतीच्या अवजारांपुरतें असे हें कळून येतें. घराच्या नव्या कामाची मजुरी वेगळी द्यावी लागे. तात्पर्य, धाब्याची राखण ही माणसाबळानें भरलेल्या घराला हलकी व एकट्या-दुकट्याच्या घराला जड जात असे. गांवांत एखादें धाबें पडलेलें दिसलें तर आधीं त्या कुळाची माणसें कमी झालीं असावींत, असें अनुमान बहुधा चुकत नाहीं.

यापुढें जो मुद्दा मांडावयाचा तो आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. गळती थांबविण्याचा सोपा उपाय म्हणजे जुन्या थरावर नवा थर टाकणें. वर्षास अर्धा इंच माती जरी शिल्लक पडली, तरी वर घेतलेल्या खोलीवर दर वर्षीं साडेसात मणांहून अधिक भार वाढतो, आणि चोवीस वर्षांत मूळ ओझें दुप्पट होतें. भिजलेली माती आणखी जड होते ती निराळीच. ओझें वाढलें कीं कड्या मध्यें वांकतात. कड्या वांकल्या कीं उताराच्या जागीं खळगा होतो. खळग्यांत पाणी सांचतें व गळूं लागतें. आणि गळूं लागलें म्हणजे धनी आणखी माती टाकतो. जी वस्तू गळतीवरचें औषध, तीच अतिरेकानें रोगाचें कारण होते. याला योग्य रीत एकच : कांहीं वर्षांनीं जुनी माती उतरवून, कड्यांचीं भिंतींत गेलेलीं तोंडें तपासून, वाळवी लागलेलें लाकूड बदलून, सर्व धाबें नव्यानें घालणें. परंतु त्यास दुप्पट मजुरी व नवें लाकूड लागतें. म्हणून हें काम पुढच्या वर्षावर व पुढच्या पिढीवर ढकललें जाई. अनेक जुनीं घरें बसलीं तीं राखणीच्या अभावानें नव्हे, तर चुकीच्या राखणीच्या भारानें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

लाकडाची बाब आतां पाहूं. दोंडाईच्याच्या बाजूस चांगलें सागवान सातपुड्यांतून येई व तळोदें ही त्याची मोठी पेठ होती. लाकूड ही जपून वापरण्याची वस्तू आहे, ही जाणीव मराठी राज्यांत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लागणारें सागवान परवानगीनें तोडावें, आणि आंबा-फणसाचीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असल्यामुळें त्यांस तिच्या राजीखुषीवांचून हात लावूं नये, असा विचार सांगितला आहे. १८१८ त खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढें १८६५ व १८७८ चे जंगलाचे कायदे आले, आणि राखीव रानांतील लाकूड आणणें ही परवान्याची व पैशाची बाब झाली. त्याच काळांत आगगाडीमुळें रुळांखालील लाकडाची व शहरांतील इमारतींची मागणी वाढली. धाब्याची माती फुकट राहिली. पण तिच्याखालील कडी महाग झाली. ज्या घरांत पूर्वीं तीन कड्या बदलल्या असत्या, तेथें आतां एक बदलून व एक टेकू लावून भागविण्याची पाळी आली.

१९०० च्या सुमारास तापी खोऱ्यांतून सुरतेकडे जाणारी आगगाडी झाली व दोंडाईचें तिच्यावरील स्थानक बनलें. तोच काळ छपन्नाच्या दुष्काळाचा. याच लोहमार्गानें पन्हळी पत्रा गांवोगांव पोंचणें सोपें झालें. पत्रा उन्हाळ्यांत तापतो व पावसांत वाजतो. धाब्याखालील गारव्याशीं त्याची तुलना होणार नाहीं. तरी तो पसरला, याचें कारण उघड आहे. पत्र्याचा खर्च एकदांच, रोख व मोजून घेतां येण्याजोगा. धाब्याचा खर्च थोडाथोडा, पण अखंड. भार हलका असल्यामुळें त्याला बारीक लाकूड चालतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिमेंटची गच्ची आली व धाब्याची परंपरा बहुतेक ठिकाणीं खुंटली.

शेवटीं मातीविषयीं. खानदेशांत शेताला काळी व गांवठाणाला पांढरी म्हणतात. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. म्हणून ती धाब्यास निरुपयोगी. पांढरी माती चिकट असून कमी भेगाळते, म्हणून धाब्यास तीच हवी. पण पांढरी म्हणजे काय? पिढ्यान्‌पिढ्या मनुष्यवस्तीनें सांचलेली राख, पडक्या भिंतींची माती, शेणकूट व खापऱ्या यांचा ढीग. तापीकांठीं अशा टेकाडांचें महत्त्व आतां सर्वांस कळून चुकलें आहे. प्रकाशें येथें १९५४-५५ त बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनचे वस्तीचे थर एकावर एक मिळाले. सावळदें या गांवावरून तर एका प्राचीन संस्कृतीसच नांव पडलें आहे. धाब्यांसाठीं माती नेतांना गांवांनीं आपलीं जुनीं टेकाडें खणलीं, आणि जीं खापरें पुरातत्त्वज्ञानें जागच्या जागीं पाहावयाचीं तीं लोकांच्या माथ्यावर जाऊन बसलीं. धाब्याच्या राखणीचा हा सर्वांत मोठा व कधींच न मोजलेला खर्च होय. यांत कोणास दोष देतां येत नाहीं. गळक्या घराखालीं झोपणाऱ्या माणसास टेकाडापेक्षां माथ्याची काळजी अधिक असणारच. परंतु संशोधकानें मात्र हें ध्यानांत धरलें पाहिजे कीं, जुन्या धाब्याच्या मातींत सांपडलेलें नाणें वा खापर त्या घराच्या काळाचें मानणें धोक्याचें आहे. तें घराहून हजारों वर्षांनीं जुनें असूं शकेल, व दुसऱ्याच जागेचेंही असूं शकेल.

एवढ्या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, धाब्याची राखण फुकट कधींच नव्हती. ती पैशाऐवजीं माणूसबळांत दिली जात होती, म्हणून माणूसबळ घटतांच ती महाग ठरली. दोन, तिचा नाश पत्र्यानें एकट्यानें केला नाहीं. लाकडाची महागाई व चढत गेलेला मातीचा भार यांनीं त्याआधींच पाया खिळखिळा केला होता. तीन, तिची किंमत गांवाच्या पांढरीनेंही मोजली आहे.

दोंडाईचें, शिंदखेडें, शहादें, नंदुरबार या बाजूस अजून जीं धाब्याचीं घरें उभीं असतील, त्यांचीं मापें, कड्यांची संख्या व मातीची जाडी कोणीतरी टिपून ठेवणें अवश्य आहे. ज्या घराण्यांत जुन्या कीर्दी असतील त्यांनीं वैशाख-ज्येष्ठांतील किरकोळ खर्चाचीं पानें एकदां चाळून पाहावींत. माती, गाडीभाडें, सुतार, किलचनें अशीं चार-दोन कलमें जरी सांपडलीं, तरी ज्या खर्चाचा येथें आम्ही अदमासानें विचार केला, त्याचा प्रत्यक्ष हिशेब मांडतां येईल. वाड्याच्या बांधणीचा आंकडा जितका जपला गेला, तितकीं हीं कलमेंही जपण्याच्या योग्यतेचीं आहेत.