पूल, पावलें आणि वारा

जुळलेल्या तंबोऱ्याची एक तार छेडली असतां तिच्याच स्वराची शेजारची तार आपोआप बोलूं लागते, हा अनुभव आपल्या गवयांस कांहीं नवा नाहीं. प्रत्येक ताणलेल्या वा टांगलेल्या वस्तूस स्वतःची अशी एक कंपनगति असते. त्याच गतीनें तिला थोडथोडा धक्का मिळत गेला, तर लहान कंपनांचें मोठें आंदोलन होतें. झोपाळ्यावरील मूल झोका चढवितें तें ताकदीनें नव्हे, वेळ साधून. यालाच पदार्थविज्ञानांत अनुनाद म्हणतात. तत्त्व सोपें आहे. परंतु पूल बांधणाऱ्या इंजिनियरांस कंपनाचें शास्त्र एका प्रसंगांत कळलें नाहीं. तें त्यांना पुनः पुन्हां शिकावें लागलें, आणि तेंही बरेंच मोल देऊन.

पहिला प्रसंग इंग्लंडांतील मँचेस्टर शहरालगतचा. तेथें इर्वेल नदीवर १८२६ सालीं लोखंडी सांखळ्यांचा एक झुलता पूल बांधण्यांत आला होता. १२ एप्रिल १८३१ रोजीं कवाईत आटोपून परतणारे ७४ शिपाई चारचारांच्या रांगेनें त्यावरून निघाले. पावलांच्या ठेक्याबरोबर पूल डोलूं लागला. त्यांस त्याची गंमत वाटली, आणि ते शीळ घालीत मुद्दाम त्याच ठेक्यावर पावलें टाकूं लागले. इतक्यांत एका सांखळीचा बोल्ट तुटला व सुमारें चाळीस जण नदींत पडले. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. बोल्ट मुळांतच सदोष होता असें पुढें आढळलें. तथापि इंग्रजी लष्करानें तेव्हांपासून नियम केला कीं, शिपायांनीं पुलावर पाऊल मिळवून चालूं नये. लंडनच्या आल्बर्ट पुलावर, जो १८७३ सालीं खुला झाला, तशा सूचनेची पाटी आजही पाहावयास मिळते.

पण हा नियम पुरेसा होता काय? १६ एप्रिल १८५० रोजीं फ्रान्समधील आंजे शहरीं मेन नदीवरील झुलत्या पुलावरून एक पलटण चालली होती. वादळी वारा सुटला होता व पूल आधींच हेलकावे खात होता. पाऊल न मिळवितां चालण्याचा हुकूम देण्यांत आला होता. परंतु डोलत्या पुलावर तोल सांभाळतांना माणूस नकळत पुलाच्याच तालांत झुकतो. शिपायांचीं पावलें अशीं आपोआप एक झालीं. पुलाचे गंजलेले दोर तुटले आणि दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ताल केवळ नायकाच्या हुकमांतून येत नाहीं, तो पूलही देतो, हें या अपघाताचें मर्म. तें मात्र लोक विसरले.

पुढील नव्वद वर्षांत गणित पुष्कळ पुढें गेलें. त्याच्या भरंवशावर अमेरिकेंतील टॅकोमा येथें सामुद्रधुनीवर २,८०० फुटांच्या मधल्या गाळ्याचा एक पूल १ जुलै १९४० रोजीं खुला झाला. त्याचा रचनाकार लिओन मॉइसेफ हा झुलत्या पुलांचा नामांकित तज्ज्ञ होता. पूल फितीसारखा सडपातळ व देखणा, पण बांधतांनाच वर-खालीं हालूं लागलेला. त्यामुळें लोक थट्टेनें त्यास दौडणारी गर्टी म्हणत. ७ नोव्हेंबर १९४० रोजीं ताशीं सुमारें ४२ मैलांच्या वाऱ्यांत तो पिळवटूं लागला आणि तासाभरानें कोसळला. माणसें वांचलीं, मोटारींत राहिलेलें एक कुत्रें तेवढें गेलें. याहून कितीतरी जोराच्या वाऱ्याचा दाब तो सोसील, असा हिशेब होता. चूक बेरजेंत नव्हती. वारा पुलास किती जोरानें ढकलील, एवढेंच विचारलें गेलें. पूल हालूं लागल्यावर तोच वारा काय करील, हें कोणी विचारलें नाहीं.

येथें आम्हांस आमचाही एक प्रमाद कबूल केला पाहिजे. हा प्रसंग आम्ही वर्गांत कित्येक वर्षें झोपाळ्याच्याच दाखल्यानें समजावून देत आलों. आमचीं पाठ्यपुस्तकेंही तसेंच सांगत. वस्तुतः बिलाह व स्कॅनलन या दोघां संशोधकांनीं १९९१ सालींच दाखवून दिलें होतें कीं, तो साधा अनुनाद नव्हे. तो लेख आमच्या वाचनांत फार उशिरा आला. पूल पिळला कीं त्याभोंवतींचा प्रवाह बदले, आणि बदललेला प्रवाह त्यास आणखी पिळीत असे. येथें तंबोऱ्याचा नव्हे, सारंगीचा दाखला शोभतो. गज एकसारखा ओढला जातो, त्यांत ठेका मुळींच नसतो. तरी तार कांपते, कारण गजाची शक्ति कंपनांत आणण्याचें काम तार स्वतःच करिते.

चौथा प्रसंग आमच्या पिढीनें पाहिलेला. १० जून २००० रोजीं लंडनला थेम्स नदीवरील मिलेनियम पूल पादचाऱ्यांस खुला झाला. पावलांनीं पूल वर-खालीं हालतो, हें त्याच्या रचनाकारांस पुरतें ठाऊक होतें. हा पूल मात्र आडवा हालूं लागला. तो हालतांच लोक पाय फांकून तोल सांभाळूं लागले, आणि त्या सांभाळण्याचाच रेटा त्यास मिळत गेला. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. कंपन शोषणारीं साधनें बसवून तो २००२ सालीं पुन्हां उघडला. आंजेच्या शिपायांनीं जें दीडशें वर्षांपूर्वीं दाखविलें होतें, तेंच लंडनच्या नागरिकांनीं पुन्हां दाखविलें.

यांतील कोणीही इंजिनियर अडाणी नव्हता. प्रत्येक पिढीनें मागच्या अपघाताचें उत्तर पाठ केलें आणि तेंच संपूर्ण शास्त्र आहे असें मानलें. आम्हीं वर्गांत तेंच केलें. आल्बर्ट पुलावरील पाटी खोटी नाहीं. परंतु ती एका जुन्या प्रश्नाचें उत्तर आहे, एवढें आम्ही आतां विद्यार्थ्यांस आवर्जून सांगतों.