आकाशचिन्हाचे कुळ

पुणे, पिंपरी-चिंचवड अशा मोठ्या महापालिकांत ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ नावाचे एक खाते असते. रस्त्याकडेच्या जाहिरात फलकाला सरकारी मराठीत आकाशचिन्ह म्हणतात. ऐकायला हा शब्द पंचांगातला वाटतो, पण त्याचे कुळ शोधत गेले की आपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लंडनमध्ये, तिथल्या घरांच्या छपरांवर पोहोचतो. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या, धुळ्याजवळच्या सोनगीरसारख्या गावाला आज फलकांविषयी जो प्रश्न भेडसावतो, त्याचे उत्तर या कुळाच्या पहिल्याच पिढीत आहे. ते आपण पुढच्या पिढ्यांत हरवले, असे माझे म्हणणे आहे.

लंडनमध्ये त्या काळी व्यापारी आपल्या इमारतींच्या छपरांवर लोखंडी वा लाकडी सांगाडे उभारू लागले होते. त्यांवर सुटी, प्रचंड अक्षरे बसवायची, म्हणजे खालून पाहणाऱ्याला मागे नुसते आकाश आणि त्यावर मालाचे नाव दिसावे. अक्षरे आकाशावर उमटत, म्हणून ती आकाशचिन्हे. शहराचे रूप बिघडते ही तक्रार होतीच. सार्वजनिक जाहिरातींच्या अतिरेकाला आळा घालू पाहणारी एक संस्थाही तिथे १८९३ मध्ये निघाली. पण कायदा त्याआधीच, १८९१ मध्ये झाला होता, आणि पुढे १८९४ च्या लंडन इमारत कायद्यात ती कलमे सामावली गेली. त्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. रस्त्यावरच्या कोणत्याही ठिकाणाहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे अक्षर, आकृती वा खूण, आणि तिला आधार देणारा खांब व सांगाडासुद्धा, म्हणजे आकाशचिन्ह. जाहिरातीसाठी सोडलेला फुगाही त्यात धरला होता. त्याहून महत्त्वाच्या आहेत त्या सवलती. रेल्वे कंपनीच्या फलकाला सूट होती, पण दोन अटींवर: तो फक्त रेल्वेच्याच कामाचा असावा, आणि तो रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडू शकणार नाही अशा रीतीने उभा असावा. या दुसऱ्या अटीतून कायदा करणाऱ्यांच्या मनातली भीती उघड होते. फलकावर काय लिहिले आहे याआधी तो कोसळला तर कोणाच्या डोक्यावर येईल, हे त्यांनी विचारले होते.

हेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे मुंबईत आले. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा, म्हणजे लंडनच्या आधीचा असला, तरी त्याचे कलम ३२८ आज वाचले तर आकाशाच्या पार्श्वभूमीची तीच व्याख्या, तोच फुगा, रेल्वेच्या फलकाला तीच सवलत आणि रस्त्यावर न पडण्याची तीच अट दिसते. तिथून ते इतर शहरांसाठीच्या १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यात गेले: कलम २४४ आकाशचिन्हांचे, २४५ जाहिरातींचे. धुळे आणि जळगाव या खानदेशातल्या दोन्ही शहरांना २००३ मध्ये महापालिका मिळाल्या आणि ही कलमे त्यांनाही लागू झाली. दरम्यान दुसरा एक प्रवाह येऊन मिळाला होता, तो पैशाचा. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने जाहिरातींवरील कर प्रांतांच्या यादीत घातला. राज्यघटनेने वृत्तपत्रांतल्या जाहिराती वगळून तो राज्य सूचीच्या ५५ व्या नोंदीत ठेवला. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती नोंदच गेली आणि पुढच्या वर्षी वस्तू व सेवा कर आला. पण तोवर जाहिरात फलक म्हणजे उत्पन्नाचे साधन ही दृष्टी कार्यालयांच्या अंगवळणी पडली होती. फलक किती चौरस फुटांचा, रस्ता किती वर्दळीचा, शुल्क किती, थकबाकी किती, हे प्रश्न पुढे आले. पडला तर कुठे पडेल, हा मूळ प्रश्न अर्जासोबतच्या एका प्रमाणपत्रापुरता उरला.

आता सोनगीर. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना वीसेक किलोमीटरवर, किल्ल्याच्या पायथ्याचे हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नावाजलेले. अशा गावाच्या जुन्या बाजाराला पाटीची गरज नव्हती. आपल्याकडच्या पेठा व्यवसायांनुसार वसल्या. सराफ सराफांजवळ, कापडवाला कापडवाल्यांजवळ, आणि तांबटाचे घर तर ठोक्यांच्या आवाजावरून सापडे. गिऱ्हाईक गावचे किंवा पंचक्रोशीतले. दुकान कोणाचे हे त्याला ठाऊक असे. पाटी लागते ती अनोळखी माणसासाठी, आणि सोनगीरला अनोळखी माणूस आणला तो मुंबई-आग्रा रस्त्याने. रस्ता चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. १०० मीटरवरून दिसलेली पाटी वाचून, ठरवून, वेग कमी करायला चालकाला साडेचार सेकंद मिळतात. म्हणून ढाब्याची, टायरवाल्याची, भांडीवाल्याची पाटी मोठी आणि उंच होत गेली. त्यात हौसेपेक्षा हिशेब अधिक आहे, हे मान्य करायला हवे. हाताने पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या काळात मजुरी आणि पत्रा यांनीच आकाराला लगाम घातला होता. फ्लेक्स आला, छपाई चौरस फुटावर आणि स्वस्त झाली, तसा तो लगाम सुटला. मोठ्या कंपन्यांना महामार्गाकडेचे शेत म्हणजे भाड्याने मिळणारी भिंत वाटू लागली.

अशा शेतात उभ्या राहणाऱ्या फलकाचा धनी कोण, असे विचारले की कायद्याची पाने उलटू लागतात. रस्त्याच्या सरकारी पट्ट्यात तो असेल तर राष्ट्रीय महामार्ग नियंत्रणाचा २००२ चा कायदा आणि महामार्ग यंत्रणा. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७२ च्या ४६ क्रमांकाच्या संहितेत रस्त्याकडेच्या जाहिरातींचे धोरण लिहून ठेवले आहे: चौक वा पुलापासून १०० मीटरच्या आत नको, वाहतुकीच्या पाटीपासून ५० मीटरच्या आत नको, डांबरी कडेपासून १० मीटरच्या आत नको. नियम चांगले आहेत, पण पट्ट्याच्या कुंपणापलीकडे महामार्ग यंत्रणेचा हात अडखळतो. गावठाणात बांधकाम असेल तर ग्रामपंचायत, १९५८ च्या कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे. गावठाणाबाहेर शेतजमिनीच्या वापराचा प्रश्न महसूल खात्याचा. प्रादेशिक योजना लागू असेल तिथे नगररचनेची परवानगी, आणि २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीच्या बाराव्या प्रकरणात बाहेरच्या फलकांचा समावेश आहे. पाटीवरची भाषा कामगार खात्याची: २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन मराठी देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीहून लहान नको असे ठरले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दुकानदारांना दोन महिने दिले. हा नियम योग्यच आहे. पण एवढ्या कार्यालयांत जोरकसपणे अंमलात येणारा नियम अक्षराच्या उंचीचा असावा आणि खांबाच्या उंचीला कोणी विचारू नये, याचे वाईट वाटते.

खांबाची उंची हा किरकोळ विषय नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या झोताला २० बाय २० फुटांचा सपाट फलक सुमारे पावणेदोन टनांचा रेटा झेलतो. दोन्ही बाजू दुप्पट केल्या, ४० बाय ४० केला, की तो सात टन होतो. हा सगळा रेटा वर, आणि पाया खाली काळ्या मातीत, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. वैशाखातल्या वावटळींनी केळीच्या बागा आडव्या केल्याच्या बातम्या खानदेशाला नव्या नाहीत. पुण्यात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी रेल्वेच्या जागेतला सांगाडा खालच्या वाहनांवर कोसळून चार माणसे गेली. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या किवळे इथे, मुंबई-बंगळुरू महामार्गाच्या सेवारस्त्यालगत, वादळी पावसात आडोशाला थांबलेली पाच माणसे फलकाखाली सापडून गेली. आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा फलक पडून १७ जण मेले. मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० होती, पण फलक होता लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर, आणि महापालिकेची परवानगी त्याला नव्हती. पुण्याची घटना आणि ही घटना शेजारी ठेवून मूळ कलमातली रेल्वेची सवलत पुन्हा वाचावी. ती रेल्वेच्या स्वतःच्या कामाच्या आणि रस्त्यावर पडू न शकणाऱ्या फलकापुरती होती. सवा शतकात सवलतीतली ‘रेल्वेची जागा’ लक्षात राहिली, दोन्ही अटी मात्र विसरल्या गेल्या. जागा कोणाची यावर वाद चालू राहिला आणि पडणारे लोखंड त्या वादासाठी थांबले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की फलकाचा नियम हद्दीवरून मोजणे सोडून पडण्याच्या अंतरावरून मोजावा. फलकाची जमिनीपासूनची एकूण उंची जेवढी, त्याहून अधिक अंतर त्याच्यापासून रस्ता, घर, पायवाट वा वीजवाहिनीपर्यंत असले पाहिजे. एवढी एकच अट महापालिकेत, ग्रामपंचायतीत, रेल्वेच्या आवारात आणि शेतात सारखीच लागू होऊ शकते, आणि ती तपासायला टेप पुरतो. सोनगीरच्या ग्रामसेवकाला किंवा तलाठ्याला वाऱ्याचा दाब काढता आला नाही तरी हे मोजता येईल. ग्रामपंचायतींकडे तांत्रिक माणसे नाहीत म्हणून त्यांना हे काम देऊ नये, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्याला हेच उत्तर आहे. अवघड गणित उभारणाऱ्याच्या अभियंत्याने करावे आणि त्याखाली नाव-सही घालावी. अंतर मात्र गावाने मोजावे आणि नोंदवहीत लिहावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नियम हवे तेवढे आहेत, आणखी एक कशाला? सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या २०११ च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले, तरी चौकांतले फ्लेक्स गेले नाहीत, हे खरे आहे. पण तो अनुभव नियम निरुपयोगी असल्याचा नसून जबाबदार माणूस ठरलेला नसल्याचा आहे. रस्त्यापासून मोजलेला नियम पाळला जाऊ शकतो याचा दाखलाही याच काळातला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत असे ठरवले आणि महामार्गावरून दिसणाऱ्या दारूच्या पाट्याही काढायला लावल्या. मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटर झाले, आणि जुलैत शहरांच्या हद्दींना मोकळीक मिळाली. त्या मोकळिकीबद्दल मतभेद असू शकतात. पण निकाल आला तेव्हा अंतरे खरोखर मोजली गेली आणि महामार्गालगतची असंख्य दुकाने बंद झाली, कारण कोणत्या अधिकाऱ्याने मोजायचे याबद्दल संशय नव्हता. फलकांच्या बाबतीत तसा एक अधिकारी जिल्ह्यात ठरायला हवा, आणि रस्ता, महसूल, नगररचना, ग्रामपंचायत या सगळ्यांच्या नोंदी त्याच्याकडे यायला हव्यात.

राहिला पोटाचा प्रश्न. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्या छोट्या दुकानदाराला नियमाच्या नावाखाली त्रास होईल, लाच द्यावी लागेल, ही भीती खोटी नाही. पण इथेही जुने कलम आपल्याहून समंजस होते. १९४९ च्या कायद्याच्या कलम २४५ मध्ये, ज्या जागेत धंदा चालतो त्याच जागेवर त्याच धंद्याची पाटी असेल, ती प्रकाशित नसेल आणि आकाशचिन्ह नसेल, तर परवानगी लागत नाही. म्हणजे सोनगीरच्या तांबटाने आपल्या दुकानाच्या भिंतीवर लावलेली घागर-हंड्यांची पाटी या तत्त्वाने नियमाच्या बाहेर राहते, आणि राहावी. छपराच्या वर निघालेला सांगाडा, रात्री डोळ्यांवर झगझगणारा एलईडी पडदा आणि परक्या मालासाठी भाड्याने दिलेला शेतातला खांब, एवढ्यांनाच अर्ज, मोजमाप आणि अभियंत्याची सही लागावी. असे फलक उभे करणाऱ्यांना हा खर्च परवडतो. अशा फलकांची यादी करायची तर सोनगीरच्या टोलनाक्यापासून आणि दोंडाईचा फाट्यापासून सुरुवात करता येईल. तिथे गाड्या थांबतात, माणसे उतरतात, आणि वळवाचा पाऊस आला की जवळच्या कोणत्याही आडोशाखाली उभी राहतात.